सायनोटाइपचा संच : उतावळ्या हातांसाठी नव्हे

उन्हाच्या साहाय्याने निळी चित्रे छापण्याचा हा संच बहुधा मुलांच्या सुट्टीतला उद्योग म्हणून विकला जातो. पण तो बराच काळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की त्याचे खरे गिऱ्हाईक चित्रकार, मुद्राचित्रकार आणि ज्यांचे काम मध्येच कुठेतरी अडून बसले आहे असे कलावंत आहेत. खोक्यात रसायनांच्या दोन बाटल्या, एक ब्रश, थोडे कागद, काच आणि चिमटे असलेली चौकट, हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी कुपी आणि एक माहितीपत्रक एवढाच ऐवज असतो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे वेगवेगळी ठेवली तर बरेच दिवस टिकतात, मात्र एकत्र केल्यावर लवकर वाया जातात, म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे. हातमोजे घालावेत आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल येऊ देऊ नये.

मंद पिवळ्या दिव्याखाली हे मिश्रण कागदावर फिरवले की कागद पिवळट हिरवा दिसतो, आणि तो अंधारात पूर्ण वाळेपर्यंत करण्यासारखे काहीही उरत नाही. वाळल्यावर त्यावर पान, जाळी किंवा निगेटिव्ह ठेवून काच दाबायची आणि चौकट उन्हात न्यायची. काचेबाहेर डोकावणारी कागदाची कड आधी निळसर होते, मग गडद निळी, आणि शेवटी तिच्यावर तपकिरी झाक असलेला करडेपणा येतो. चित्र बिघडले असे वाटून नवशिका नेमका याच वेळी चौकट आत आणतो. वास्तविक धुताना बराच रंग वाहून जाणार असल्यामुळे कागद थोडा जास्तच तापलेला दिसणे आवश्यक असते.

माहितीपत्रकावर माझा मुख्य आक्षेप आहे तो इथेच. त्यात ‘दहा मिनिटे’ असे ठामपणे छापले आहे. ही प्रक्रिया मुख्यतः अतिनील किरणांवर चालते, आणि ते किती मिळतील हे सूर्याची उंची, ढग, ऋतू आणि काच यांवर ठरते. शिवाय लेप किती जाड बसला आणि निगेटिव्ह किती दाट आहे, यानेही वेळ बदलते. घड्याळाकडे पाहून काम करणाऱ्याला एके दिवशी सुरेख छपाई मिळेल आणि दुसऱ्या दिवशी फिकट धुके. कड पाहायला शिकणे हाच यातला अभ्यास आहे, आणि पत्रकाने तो शिकवण्याऐवजी झाकून ठेवला आहे.

पाण्यात धुतल्यावर पिवळेपणा निघून जातो आणि निळा रंग उरतो, पण तो सुरुवातीला काहीसा पोरका दिसतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे साधारण एका दिवसात तो गडद होत जातो. पेरॉक्साइडचे थेंब टाकलेल्या पाण्यात कागद बुडवला तर हेच काम डोळ्यांदेखत होते आणि अंतिम रंगात फरक पडत नाही, हे मान्य करूनही ती कुपी मी सहसा उघडत नाही. ओल्या कागदाकडे पाहून टाकून द्यावीशी वाटलेली कित्येक चित्रे दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावण्याच्या योग्यतेची निघाली आहेत, आणि त्यात रंगाइतकाच माझ्या निवळलेल्या नजरेचाही वाटा असावा.

या निळ्याचा इतिहास पाहिला तर त्यात योगायोग आणि प्रतीक्षा दोन्ही आहेत. बर्लिनमधील रंगकार डीसबाख याने १७०६ च्या सुमारास लाल रंग करायला घेतला होता. वापरलेल्या पोटॅशमध्ये प्राणिज पदार्थाची भेसळ असल्यामुळे हाती आला तो प्रशियन ब्लू. रंगांच्या धंद्यात नसलेल्या माणसाने तो बहुधा फेकून दिला असता. पुढे १८४२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी हाच रंग प्रकाशाने कागदावर उमटवण्याची ही रीत शोधली. याच हर्शेल यांनी ‘हायपो’ (आजचे सोडियम थायोसल्फेट) चांदीचे क्षार विरघळवतो हे १८१९ मध्येच दाखवले होते, पण छायाचित्रे टिकवण्यासाठी त्याचा उपयोग व्हायला १८३९ उजाडावे लागले. ज्ञान हाताशी होते, त्याला लागणारा प्रश्न वीस वर्षांनी आला. हर्शेल यांच्या स्नेह्याची मुलगी ॲना ॲटकिन्स त्या काळात वनस्पतींचे नमुने जमवत होती. सायनोटाइप तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचला, आणि १८४३ पासून सुमारे दहा वर्षे तिने समुद्रशैवालांच्या निळ्या प्रतिमा हाताने छापल्या. ओळखीपाळखीमुळे रीत कळणे हा योग होता. त्यानंतरची दहा वर्षे मात्र योगाने होत नाहीत.

मी स्वतः पाण्याविषयीची एक चित्रमालिका करत असताना पाणी न रंगवता ते कागदावर कसे आणावे, या प्रश्नाशी अडले होते. त्या दिवसांत नेच्याचे पान छापायला ठेवले असता अचानक शिंतोडे पडले आणि काही थेंब काचेच्या कडेखालून आत शिरले. धुतल्यावर पानाच्या टोकांशी फिकट वर्तुळे उमटली होती, प्रत्येकाला गडद कड होती, आणि एका ठिकाणी लेप ओघळून पानाच्या शिरेला समांतर धार झाली होती. हाच परिणाम मुद्दाम पाणी शिंपडून आणायला गेल्यावर नुसते ठिपके मिळाले, कारण थेंब फारच समंजस अंतरावर पडले होते. तेव्हापासून आभाळ भरलेले असले की मी चौकटीचा एक चिमटा सैल ठेवते.

मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा कार्यकारणाने न जोडलेल्या, पण अर्थाने जुळणाऱ्या घटनांना स्वतंत्र तत्त्वाचा दर्जा दिला. रुग्ण स्त्री स्वप्नातल्या सोनेरी भुंग्याविषयी सांगत असताना तसाच कीटक खिडकीवर येऊन आदळल्याचा त्यांचा दाखला प्रसिद्धच आहे. मला एवढ्या लांब जावेसे वाटत नाही. पाऊस ढगांमुळे आला आणि मालिका आधीपासून चालू होती. ती चालू नसती तर तोच कागद मी खराब म्हणून बाजूला टाकला असता. माहितीपत्रकात मात्र डाग, ओघळ आणि अस्पष्ट कडा ‘टाळावयाचे दोष’ या एकाच मथळ्याखाली येतात, आणि कलावंताने ते पान खुशाल फाडून टाकावे.

संचातला कागद आणि ब्रश या दोन गोष्टी निकृष्ट आहेत. कागद बहुधा अल्कधर्मी आहे, कारण निळा रंग त्यावर लवकर मरतो. आम्लमुक्त पण अल्कधर्मी भर नसलेला चित्रकलेचा कागद वेगळा घ्यावा. ब्रशला धातूचे कडे असल्याने कागदावर निळे ठिपके पडतात, म्हणून स्पंजचा किंवा लाकडी मुठीचा बिनधातूचा ब्रश वापरावा. छपाई निगेटिव्हच्याच आकाराची होते, हेही आधी ठाऊक असलेले बरे. प्रखर उजेडात चित्र फिकटले तर ते काही काळ अंधारात ठेवावे, रंग बऱ्याच अंशी परत येतो. चौकट मजबूत आहे, रसायने शुद्ध आहेत आणि ती सुटीही मिळत असल्यामुळे दुसऱ्यांदा अख्खा संच विकत घेण्याची गरज पडत नाही.