मैसूर-उटी, 'सगळं धरून'

सुट्टीत मैसूर-उटी करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आमचे गेले ते पैसे काही लाखांत नव्हते, पण ज्या पद्धतीने गेले ती पद्धत सगळ्यांना कळायला हवी. उटीच्या रस्त्यावर ड्रायव्हरने आम्हाला जे नियम सांगितले ते सगळे खरे होते. खोटी होती ती त्या नियमांच्या नावाने घेतलेली रक्कम.

मिरजेहून रेल्वेने मैसूर, एक दिवस शहरात, मग बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलातून गाडीने उटी आणि परत मैसूर, असा स्वस्तातला बेत. मी, नवरा, भाऊजी आणि जाऊबाई. ओळखीतून नंबर मिळालेल्या एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर दर पाठवला: गाडी, ड्रायव्हर, डिझेल, टोल, पार्किंग, परमिट 'सगळं धरून'. निम्मे पैसे आगाऊ. यूपीआयवर नाव आलं ते त्याच्या ट्रॅव्हल्सचं नव्हे, कुणा बाईचं. "मिसेसचं खातं आहे," म्हणाला.

मैसूर स्टेशनबाहेर उभी होती ती पांढऱ्या पाटीची गाडी. भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी लागते. खासगी गाडी भाड्याने फिरवताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. भाऊजींनी हटकलं, तर उत्तर आलं की टॅक्सी सर्व्हिसिंगला टाकलीय, उद्या बदलून देतो. तो उद्या उगवलाच नाही.

राजवाड्याच्या दारात एका रिक्षावाल्याने "आत्ता लंचसाठी बंद आहे, तोवर सरकारी सिल्कचं दुकान दाखवतो" हा जुना डाव टाकून पाहिला. राजवाडा सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच सलग उघडा असतो, आणि तिकीट खिडकी समोरच दिसत होती. असलं उघड खोटं पकडायला सोपं. (साडी घ्यायचीच असेल तर केएसआयसीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाच्या शोरूममधून घ्या. खऱ्या साडीवर होलोग्राम आणि त्या साडीचा स्वतंत्र क्रमांक असतो.) रविवार होता, म्हणून रात्री राजवाड्याची रोषणाई मात्र फुकटात पाहायला मिळाली.

दुसऱ्या दिवशी गुंडलूपेटला चहाला थांबलो तेव्हा चार वाजत आले होते. ड्रायव्हर कप हातात घेऊन आला आणि हिशेब सुरू झाला. नीलगिरीचा ई-पास, माणशी ३५०. तमिळनाडूचा टॅक्सी टॅक्स १,८००. आणि लगेच पुढचं वाक्य, "नौ बजे जंगल का गेट बंद हो जाता है, मॅडम, जल्दी कीजिए."

बंदीपुरातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते, हे खरंच. पण तिथून फाटक तासाभराच्या आतलं. नवऱ्याने कटकट नको म्हणून ३,२०० रुपये दिले.

आता ई-पासचं ऐका. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. तो सरकारी वेबसाइटवर मोफत निघतो आणि गाडीमागे एक असतो, माणशी नव्हे. तमिळनाडूच्या सीमेवरच्या कक्कनल्ला नाक्यावर पोलिसाने ड्रायव्हरच्या मोबाइलवरचा पास स्कॅन केला, तेव्हा जाऊबाईंनी मान पुढे काढून तो वाचला. एकाच पासवर आम्हा सगळ्यांची संख्या होती. पास काढल्याची तारीख आदल्या दिवसाची. म्हणजे पास खिशात घालूनच तो गुंडलूपेटला पैसे मागत होता.

टॅक्सच्या पावतीची गंमत तर याहून मोठी. परराज्यातल्या टॅक्सीला कर लागू शकतो, त्याची ऑनलाइन पावती निघते आणि तिच्यावर गाडीचा नंबर असतो. आम्ही हट्टाने पावती मागितली, तर त्याने दाखवली ती कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीची. आणि मुळात पांढऱ्या पाटीच्या गाडीला टॅक्सीचा कर कसला?

परतीच्या दिवशी तिसरा नियम निघाला. थेप्पकाडूवरून मसिनगुडीमार्गे ३६ वळणांचा कल्हट्टी घाट चढून आम्ही उटीला गेलो होतो. त्या घाटाने बाहेरच्या गाड्यांना खाली उतरू देत नाहीत, गुडलूरमार्गे जावं लागतं. त्याचे 'जादा किलोमीटर' म्हणून १,२०० मागितले. या रस्त्यावर रोज गाडी मारणाऱ्याला हे दर ठरवतानाच माहीत नसतं होय? भाऊजींनी एजंटाला फोन लावून 'सगळं धरून'चा मेसेज वाचून दाखवला. त्याने फोन कापला. हे पैसे आम्ही दिले नाहीत. मग मैसूर येईपर्यंत गाडीत एसी लागला नाही.

घरी आल्यावर ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. कामाला आला तो त्याचा मेसेज, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक आणि जाऊबाईंनी नाक्यावर काढलेला पाटीचा फोटो. रोख दिलेल्या ३,२०० चा कागद नाही, त्यामुळे त्यावर घोडं अडलंय. तुम्ही निघण्याआधी ई-पास स्वतः काढा. त्यासाठी गाडीचा नंबर लागतो, तो एजंटाकडून आधीच मागून घ्या. नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला आगाऊ पैसे पाठवू नका. मैसूरहून उटीला सरकारी बसही आहे, आणि बसच्या प्रवाशाला पास लागत नाही.

आमच्या एजंटाचं स्टेटस परवा पाहिलं. उन्हाळी बुकिंग सुरू आहे, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'पहिल्या २० ग्राहकांना ई-पास फ्री'.