14 महिने, 5200 किलोमीटर आणि 14 मिलिमीटर खाली बसलेली सीट

हे परीक्षण मी जूनमध्येच लिहायला घेतलं होतं आणि तेव्हा सायकलला पाचपैकी दोन स्टार देणार होते. थांबले ते बरं झालं. दोष सायकलचा नव्हताच, म्हणजे थोडा होता पण मी धरून बसले होते तो नव्हता.

माझं वय 62. बँकेतून रिटायर झाल्यावर गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ही रोड बाइक घेतली, 78 हजारांना, माझ्या स्वतःच्या पैशातून. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, कार्बनचा सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा), शिमानोचे सोरा गिअर, बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात. नाशिकला सायकलचं वारं तसं जुनंच आहे, 2015 मध्ये आमच्याकडचे डॉक्टर महाजन बंधू अमेरिकेतली रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले तेव्हापासून तर घराघरात. मला रेस वगैरे काही करायची नव्हती. गंगापूर रोडने सोमेश्वर, पुढे दुगाव, गिरणारे आणि परत, आठवड्यातून चार दिवस, रविवारी जमलं तर त्र्यंबक, एवढंच.

पहिले चार महिने इतके छान गेले की मी सगळ्यांना सांगत सुटले होते. मग डिसेंबरमध्ये पहिली मोठी सर्व्हिसिंग केली, 1850 रुपये दिले, आणि जानेवारीपासून उजवा गुडघा दुखायला लागला. पुढून, वाटीच्या खाली. चढताना नाही, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना. आधी मनावर घेतलं नाही, थंडी आहे म्हटलं. फेब्रुवारीत डावाही दुखायला लागला.

आता इथून पुढचे पाच महिने मला कोण कोण काय म्हणालं ते ऐका. आमचे हे म्हणाले, अगं साठी उलटली की गुडघे बोलतातच. मुलगा बंगळुरूहून म्हणाला, आई घरात ठेवायची सायकल घे, रस्त्यावरची बास आता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वयाच्या मानाने ठीक आहे, थोडी झीज आहे म्हणाले, जी या वयात बहुतेकांना असते. दुकानात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, वय झालं की होतंच." मी नी-कॅप घेतली, तेल लावलं, फिजिओथेरपीच्या दहा सिटिंग केल्या, गिअर हलके केले, त्र्यंबक बंद केलं, मग गिरणारे बंद केलं, मे महिन्यात तर फक्त सोमेश्वरपर्यंत जाऊन परत येत होते. एकाही माणसाने, माझ्यासकट, टेप घेऊन सायकल मोजली नाही.

सापडलं कसं ते सांगते. जूनमध्ये पहिल्या पावसाने सायकल चिखलाने भरली म्हणून अंगणात धुवायला घेतली. मागचा लाल दिवा मी सीटपोस्टलाच रबरी पट्ट्याने बांधलाय, आणि घेतल्या दिवसापासून दिव्याच्या खाली, सीटपोस्ट आवळून धरणाऱ्या फ्रेमच्या क्लॅम्पपर्यंत, माझी दोन बोटं आरामात जायची, तिथे फडकं घालून पुसायची सवय होती. त्या दिवशी फडकं जाईना. दिवा थेट क्लॅम्पवर टेकलेला आणि रबरी पट्टा खालून वर ढकलला जाऊन चुरगळलेला. दिवा काही खाली घसरला नव्हता, दिव्यासकट अख्खा सीटपोस्टच फ्रेमच्या नळीत खाली गेला होता.

शिवणाची टेप आणली. घेतली तेव्हा माझं माप घेऊन उंची लावली होती आणि ते मी वहीत लिहून ठेवलेलं, बँकेची सवय. पायाची आतली लांबी 74 सेंटिमीटर, गुणिले 0.883, म्हणजे 65.3, हे पेडलच्या दांड्याचा जो मधला बोल्ट असतो तिथपासून सॅडलच्या, म्हणजे सीटच्या, वरच्या पृष्ठभागापर्यंत. त्या दिवशी भरली 63.9. तब्बल 14 मिलिमीटर खाली!

ज्यांना 14 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतंय त्यांच्यासाठी. सीट खाली गेली की पेडल वर येतं तेव्हा गुडघा जास्त मुडपतो, आणि मुडपलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. मिनिटाला 75 फेऱ्या धरल्या तर तासाला 4500 वेळा, प्रत्येक गुडघ्याला. विशीतला गुडघा ते बरेच दिवस चालवून घेत असेल, साठीतला तक्रार करतो, आणि त्याने केलेली तक्रार बरोबर होती हे मला महत्त्वाचं वाटतं. ढोबळ खूण अशी की गुडघा पुढून दुखला तर आधी सीट खाली गेलीय का बघा, मागून दुखला तर फार वर आहे का बघा. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहायला हवा. अंश मोजायला कुणी नसेल तर भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलली नाही पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे.

दुकानात गेले. आधी म्हणाले, घरात कुणीतरी सीट खाली केली असेल. आमच्या घरात त्या सायकलला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. मग म्हणाले, बाइक फिट करून घ्या, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल लावून घ्या, सहा हजार. मग परत तेच, "काकू, वय..." मी म्हटलं सीटपोस्ट बाहेर काढ आधी. काढला, तर तळापासून वरपर्यंत ग्रीस! मी पर्समधला पांढरा रुमाल काढून पुसला, काळाकुट्ट झाला. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावत नाहीत, त्याला बारीक रवाळ पेस्ट मिळते ती लावतात, ती नळीत पकड धरते. ग्रीस धातूच्या पोस्टसाठी, तो अडकून बसू नये म्हणून. सर्व्हिसिंगला ज्याने कुणी सगळं खोललं त्याने सवयीने ग्रीस फासलं, मूळ दुकानातून उंचीच्या खुणेला लावलेली पांढरी पट्टी होती तीही पुसून टाकली, आणि नंतर प्रत्येक खड्ड्याला सीट केसभर खाली जात राहिली. एकदम गेली असती तर मला त्याच दिवशी कळलं असतं. रोज थोडी थोडी गेली म्हणून शरीराने ती सवय म्हणून घेतली.

मालक आल्यावर पेस्ट फुकट लावून दिली, क्लॅम्पवर 5 न्यूटन मीटर लिहिलंय तेवढाच बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळून दिला, मी समोर उभं राहून बघितलं. पण सर्व्हिसिंगचे 1850 परत मागितले तर नाही म्हणाले, बाकीची कामं झाली होती ना म्हणे. फिजिओचे पाच हजार तर माझे मीच भरले. चूक झाली असं एकदाही म्हणाले नाहीत, याचं मला पैशापेक्षा जास्त लागलंय. दुकानाचं नाव लिहीत नाहीये.

आणि आता सायकलचा दोष. 78 हजारांच्या सायकलला सीटपोस्टवर मिलिमीटरच्या खुणा नाहीत. एवढीशी 'याच्या वर काढू नका' अशी एक रेघ आहे, ती तर आत असते, दिसत पण नाही. कितीतरी साध्या सीटपोस्टवर आकडे छापलेले असतात. दहा रुपयांच्या शिवणाच्या टेपवर खुणा असतात! ते आकडे असते तर माझे पाच महिने वाचले असते, कारण खाली गेलेली सीट डोळ्याला दिसत नाही, आकडा दिसतो. मी या एका गोष्टीसाठी एक अख्खा स्टार कापणार, कुणाला जास्त वाटला तर वाटू दे.

सीट वर करताना एकदम 14 मिलिमीटर केली नाही. पहिल्या आठवड्यात 5, मग 5, मग 4, मांडीच्या मागच्या शिरांना वेळ मिळावा म्हणून. दुखणं सहा आठवड्यांत गेलं. झीज आहे ती आहेच, पण जिना उतरताना आता कठडा धरत नाही.

बाकीच्या गोष्टी ज्या माझ्या वयाच्या लोकांना उपयोगी पडतील त्या भराभर सांगते. मूळ सॅडल अरुंद होतं, बायकांच्या बैठकीची हाडं बरेचदा एकमेकांपासून जास्त लांब असतात. खोक्याच्या जाड पुठ्ठ्यावर बसून उठले, दोन खड्डे पडले, त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि 155 मिलिमीटर रुंदीचं, मध्ये फट असलेलं सॅडल घेतलं. मऊ गादीचं कव्हर मुळीच घेऊ नका. अर्धा तास बरं वाटतं, नंतर ते मधे दाबतं आणि बधिर होतं. पुरुषांनी तर मधली फट असलेलंच बघावं, प्रोस्टेटचा त्रास असेल तर नक्कीच.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, तळहाताच्या बाहेरच्या कडेला नस दाबली जाते त्याने. त्यावर महागडे ग्लोव्हज घेतले, फारसा फरक नाही. फरक पडला तो 100 मिलिमीटरचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा आडवा दांडा) काढून 80 चा लावल्यावर, कारण हात ताणले जाईनात आणि कोपर आपोआप वाकायला लागलं. आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची, हे तर कुणालाही जमेल.

टायर 28 मिलिमीटर रुंदीचे होते, मी 100 पीएसआय हवा भरायची कारण दुकानात तसंच सांगितलेलं. आता 32 चे लावलेत, माझं वजन 62 किलो, पुढे 50 मागे 55. गिरणाऱ्याच्या रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्यांनी केलेले खड्डे आहेत ते आता मानेपर्यंत पोचत नाहीत. या एका बदलाबद्दल मी आधी फार साशंक होते, जाड टायर म्हणजे सायकल जड होणार असं वाटायचं. चुकले होते, वेग तेवढाच आहे.

मान दुखायची त्याचं कारण चष्मा निघालं. वाकून बसलं की समोरचं बघायला चष्म्याच्या वरच्या काडीच्या वरून बघायला लागायचं, म्हणून हनुवटी उचलून धरत होते. सायकलसाठी फक्त लांबचा नंबर असलेला, नाकावर उंच बसणारा वेगळा चष्मा केला, मान गप्प बसली.

गिअर: सगळ्यात हलका पुढे 34 दात, मागे 34 दात असा आहे, चढाला हा हक्काने वापरा, त्यात कमीपणा नाही. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवा, म्हणजे चढावर करकरत नाही. मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या होतात ते बघायला 15 सेकंदात उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजून गुणिले चार करायचं. मी 60 वर होते, आता 80 च्या आसपास असते, श्वास जास्त लागतो पण गुडघ्यावरचा जोर कमी. सायकलवर बसताना पाय मागून टाकायला जमत नसेल तर सायकल आपल्याकडे आडवी कलवून पाय दांड्यावरून घ्या. पेडलला अडकणारे क्लिपचे बूट मी घेतले नाहीत आणि घेणार नाही, सिग्नलला डावा पाय पटकन फुटपाथवर टेकला पाहिजे.

एक गोष्ट फिजिओने सांगितली ती मात्र खरी होती. सायकलने हाडांवर वजन येत नाही, त्यामुळे हाडं मजबूत व्हायला सायकल पुरत नाही, पाळी गेल्यानंतर तर त्याकडे बघायलाच हवं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलते. तहानही या वयात उशिरा कळते, घड्याळ बघून पाणी पिते.

त्या दुकानातल्या मुलाला मी नंतर रोबेर मार्शां सांगितला. फ्रान्सचा माणूस, 1911 चा जन्म. 2017 च्या जानेवारीत 105 वर्षांचा असताना त्याने व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, एका तासात 22.547 किलोमीटर सायकल चालवली. 'वय झालं' म्हणायच्या आधी सीटची उंची मोजायची, एवढं त्या मुलाने लक्षात ठेवलं तरी मला पुरे.

तर एकूण चार स्टार. सीटपोस्टवर क्लॅम्पच्या बरोब्बर वर सुनेने लाल नेलपॉलिशची रेघ मारून दिलीय, दर सोमवारी बघते, जूनपासून हललेली नाही. डिसेंबरची सर्व्हिसिंग दुसरीकडे करणार. वणीच्या गडाचा नांदुरीपासूनचा घाट अजून चढायचाय, थंडी पडली की जाणार आहे. कुणाला 27.2 मिलिमीटर जाडीचा, आकडे छापलेला सीटपोस्ट नाशिकमध्ये कुठे मिळाला असेल तर सांगा, धातूचा चालेल.