भाड्याचं घर, खिडकीची कडी आणि चोरीचा विमा

भुसावळला आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बोळात उघडायची. मार्च लागला की तिथे कूलर चढायचा, बाहेरच्या लोखंडी घोडीवर. मग पाऊस येईपर्यंत त्या खिडकीच्या झडपा काही मिटायच्या नाहीत. कूलर आणि चौकट यांच्यातल्या चार बोटांच्या फटीत आम्ही टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कोंबायचो. घरमालक आबांना मी एकदा म्हणालो होतो, इथे काहीतरी बंदोबस्त करून द्या. आबा हसले, "आपलाकडे कोन येस चोरी कराले?"

त्याच मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो असताना कुणीतरी आलं. पुठ्ठा काढून नीट भिंतीला टेकवून ठेवला होता. फटीतून हात घालून शेजारच्या दाराची कडी आतून काढली आणि लॅपटॉप, मिक्सर, चांदीचं ताट-वाटी घेऊन गेला. पंचनाम्यात ओळ आली, 'खिडकीतून हात घालून दाराची कडी उघडून'. विमा होता. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला सर्व्हेअर आला, त्याने कडी पाहिली, कोयंडा पाहिला, मोबाईलचा टॉर्च लावून चौकट पाहिली. कुठे ओरखडा नाही. महिन्याभराने दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

त्यानंतर जळगावला घर बदलताना मी खिडक्या आणि पॉलिसी एकत्रच बघायला लागलो. आत्ता ज्यांचं घर शोधणं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गैरसमज. विम्यासाठी खिडकीला किल्लीचं कुलूप लागतंच, असं नेटवर वाचलेलं पुष्कळ जण सांगतात. ते इंग्लंडकडचं आहे. तिथे घरातल्या सामानाचा विमा घेताना, तळमजल्यावरच्या आणि सहज हात पोचेल अशा खिडक्यांना किल्लीची कुलपं आहेत का, असा प्रश्न विचारला जाणं नेहमीचं. भाडेकरूलाही विचारतात. आपल्याकडच्या घरगुती पॉलिसीत खिडकीच्या कुलपाचा असा मापातला नियम सहसा सापडत नाही. त्याऐवजी दोन ओळी असतात. मालमत्तेची वाजवी काळजी घ्यावी, ही एक. आणि चोरी 'बळाचा वापर करून केलेल्या प्रवेशानंतर' झालेली असावी, ही दुसरी. आमचं घोडं या दुसऱ्या ओळीत पेंड खाऊन बसलं.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या प्रकरणात हेच सांगितलं. पॉलिसीत घरफोडीची जी व्याख्या लिहिली आहे तीच दोन्ही बाजूंना बांधील, फौजदारी कायद्यातली नाही. म्हणजे पोलिसांनी गुन्हा घरफोडीच्या कलमाखाली नोंदवला म्हणून कंपनी पैसे देईलच असं नाही. काहीतरी तुटलेलं, वाकलेलं, उचकटलेलं दिसावं लागतं. खिडकीला कडी-कुलूप हवं ते चोर अडवायला तर आहेच, पण अडला नाही तर त्याला ते मोडायला लागावं म्हणूनही.

आता पॉलिसीचं. भाडेकरूसमोर साधारण दोन रस्ते असतात.

पहिला भारत गृह रक्षा. विमा नियामकाने ठरवून दिलेली ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. घर आपलं नसलं तरी फक्त सामानासाठी घेता येते. आग, सिलिंडरचा स्फोट, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, टाकी फुटणं हे यात येतं. धुळ्यात पांझरेच्या काठाला राहणाऱ्याने एवढ्यासाठीसुद्धा घ्यावी. विम्याची रक्कम सामानाच्या किमतीपेक्षा कमी ठेवली गेली तर त्या प्रमाणात दावा कापायचा, ही जुनी खोड यात नाही. पण चोरी? आग किंवा पूर अशी विमाकृत घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तेवढीच. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणतो तेव्हा त्याला इथे बोट ठेवून विचारा. मालकाचा इमारतीचा विमा असला तरी त्यात तुमचा फ्रिज येत नाही, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं.

दुसरा रस्ता म्हणजे घरफोडीचं कव्हर, वेगळं किंवा गृहविम्याच्या पॅकेजमधलं. खिडकीचा प्रश्न फक्त इथेच येतो. हप्ता वाढतो, अटीही वाढतात. घरातलाच माणूस किंवा कामवाली सामील असेल तर दावा नाही. रोख रकमेला बहुधा नकार किंवा अगदी छोटी मर्यादा. आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं, ते प्रत्येक पॉलिसीत वेगळं. कुठे सात दिवस, कुठे त्याहून जास्त. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाई माहेरी जाते, पोरांना सुट्ट्या, पंधरा-वीस दिवस घराला कुलूप. सात दिवसांची अट असलेली पॉलिसी खान्देशातल्या संसाराला काय कामाची? मी तर कंपन्यांची तुलना हप्त्यावरून न करता याच एका आकड्यावरून केली.

जळगाव म्हणजे सोनं, म्हणून दागिन्यांबद्दल. लॉकरमध्ये आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट, रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. भाडं २,००० असेल तर २ लाख. आजच्या भावाने ते किती तोळे होतात, तुम्हीच हिशेब करा. तरी पत्र्याच्या कपाटापेक्षा मला लॉकरच बरा वाटतो. घरात दोन बांगड्या आणि मंगळसूत्र एवढंच.

मग खिडक्या. मी दोन घरं पाहिली, त्यांचीच तुलना करतो.

पहिलं जुन्या जळगावातलं, सागवानी झडपांचं. उभे लोखंडी गज चौकटीत आरपार गेलेले, आतून पितळी बोल्ट, वर आडणा. दिसायला गबाळं. पण गज वाकवल्याशिवाय किंवा लाकूड फोडल्याशिवाय आत येणं नाही, आणि फोडलं की सर्व्हेअरला दाखवायला पुरावा तयार. दुसरं पिंप्राळ्याकडचं नवं अपार्टमेंट, पहिल्या मजल्यावर, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, चंद्रकोरीसारखा चिमुकला लॉक. झकास उजेड. पण ग्रिल नव्हतं आणि कारपार्किंगचा पत्रा बरोबर खिडकीखाली. अशा खिडकीचा सैल पल्ला वर उचलला की रुळातून सुटून हातात येतो. खूणही राहत नाही. यावर इलाज स्वस्त आहे. वरच्या रुळात एक स्क्रू असा मारायचा की पल्ला उचलला जाऊ नये, आणि सरकत्या खिडकीचं किल्लीवालं कुलूप लावायचं. हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतं.

तरीही मी नवा फ्लॅटच भाड्याने घेतला, कारण जुन्या घराला पाणी दिवसाआड अर्धा तास. विम्यापुढे पाणी मोठं.

कूलरचा प्रश्न दोन्हीकडे होताच. त्यावर वेल्डरने सांगितलेला उपाय मला पटला. खिडकीचे गज कापून कूलर आत घ्यायचा नाही. तो ग्रिलच्या बाहेर ठेवायचा आणि हवा गजांमधून घ्यायची. थोडी हवा कमी लागते. पुठ्ठ्याच्या जागी प्लायचा तुकडा आतून स्क्रूने कसायचा. ग्रिलला उघडणारा भाग असेल तर त्याची किल्ली आतच, पण खिडकीतून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. आग लागली तर तीच वाट आहे.

खर्च कुणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ सांगतं की वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून वळते करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. दार किंवा जाळीकाम बसवणं म्हणजे 'कायम बांधकाम' नव्हे, असंही कलम १६ च्या स्पष्टीकरणात आहे. वाचायला गोड. पण आज बहुतेकांचा करार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीचा असतो आणि त्यात तुम्ही या अर्थाने भाडेकरू नसताच. तिथे कलमं दाखवून मालकाला चिडवण्यापेक्षा करारातच एक ओळ घालून घ्या. खिडक्यांना कुलपं बसवण्यास संमती आहे, खर्च अमुक करेल, सोडताना कुलपं तशीच राहतील. आमच्या मालक नानांनी अर्धा खर्च लगेच कबूल केला. कुलपं त्यांनाच राहणार होती.

नवं कुलूप बसलं त्या दिवशी मी प्रत्येक खिडकीचा बंद अवस्थेतला फोटो काढला, दुकानाची पावती त्याला जोडली आणि दोन्ही स्वतःलाच मेल करून ठेवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीचे दोन फोटो आहेत, एक कूलर नसताना आणि एक असताना.