चेनमेलला मराठीत काय म्हणावे?

मध्ययुगीन युरोपातील लढायांविषयी मराठीत लिहिताना ‘चेनमेल’ या शब्दापाशी लेखणी अडते, आणि बहुतेक जण ‘साखळी चिलखत’ असे लिहून पुढे जातात. वाचकाला तो शब्द लगेच कळतो. परंतु साखळी एका रेषेत चालते, तर या चिलखतातली प्रत्येक कडी सहसा शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते, म्हणजे ही वस्तू साखळी नसून लोखंडी जाळे आहे. इंग्रजीतला ‘मेल’ हा शब्दही जाळ्याच्या छिद्राला असलेल्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. ‘चेन’ त्याला बऱ्याच काळाने चिकटले. तरीही ‘जाळीचे चिलखत’ म्हणू नये, कारण त्याने उन्हाळी बनियन डोळ्यांपुढे येते.

‘जिरेबख्तर’ अधिक मोहात पाडते. त्यातले ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरह’, अर्थात कड्यांचे चिलखतच; जिरेटोपातले जिरेही तेच, फोडणीतले नव्हे. मात्र हिंदुस्थानी बख्तरात कड्यांच्या जोडीला पोलादी पट्ट्याही असत, शिवाय या शब्दासरशी वाचक थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी पोहोचतो, आणि १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन स्वाराला तेथे काहीच काम नाही.

‘कवच’ तर सर्वांत गैरसोयीचे. कर्णाला ते अंगावरून कापून द्यावे लागले. त्याच नॉर्मन स्वारीची कथा भरतकामात सांगणाऱ्या बायोच्या लांब भरतपटावर मात्र दोन माणसे चिलखताच्या बाह्यांतून काठी घालून ते वाहून नेताना दिसतात, आणि खालच्या किनारीत मेलेल्यांच्या अंगातून तेच चिलखत सदऱ्यासारखे डोक्यावरून ओढून काढलेले दिसते.

म्हणून माझी पसंती ‘कड्यांचे चिलखत’ या साध्या शब्दाला आहे. कडी म्हटले की तिची घडणही सांगता येते: तारेची टोके एकमेकांवर आणून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचे आणि त्यात बारीक रिव्हेट ठोकायचे. ‘प्लेटमेल’ पूर्णपणे टाळावे, कारण पत्र्याला जाळे म्हणता येत नाही. तेथे ‘पत्र्यांचे चिलखत’ पुरते. ‘हॉबर्क’ हे नाव एकदा देऊन ‘गुडघ्यापर्यंतचे, सुमारे १० किलोचे कड्यांचे चिलखत’ असा खुलासा करावा, आणि डोक्यावरच्या ‘कॉइफ’ला जिरेटोप न म्हणता ‘कड्यांची टोपी’ म्हणावे.