स्वस्तातला एअरब्रश टॅटू सेट, काही महिने वापरल्यावर: सगळं अडतं ते एका सीलपाशी

ट्रिगर सोडला तरी गनमधून हवा यायची थांबेना, म्हणून या सेटबद्दल सविस्तर लिहितोय. (एअरब्रश टॅटू म्हणजे गनने कातडीवर शाई फवारून काढलेला तात्पुरता टॅटू.) सुरुवात करणारे बहुतेक जण घेतात तसाच सेट आहे: वर शाईचा कप असलेली ड्युअल ॲक्शन गन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की शाई), ०.३ मिमीचं नॉझल, एका पिस्टनचा बिनतेलाचा छोटा कॉम्प्रेसर, शाईच्या बाटल्या आणि स्टेन्सिलचा जाडजूड गठ्ठा. तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं की शाईमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. शाई त्याच खोक्यातून आलेली, बाटलीवर अल्कोहोल बेस्ड असं स्पष्ट छापलेलं. सोबत दिलेली शाईच गनला सोसत नसेल, तर त्याला सेट म्हणून विकायचं कशाला?

बिघाडाचं मूळ गनच्या आत, कपाच्या मागे बसवलेल्या एका इवल्याशा सीलमध्ये आहे. नीडल, म्हणजे शाई कमी-जास्त सोडणारी गनमधली लांब सुई, त्यातून मागे-पुढे सरकते, आणि कपातली शाई ट्रिगरकडे जाऊ नये एवढंच त्याचं काम. स्वस्त गनमध्ये तिथे काळ्या रबराची ओ-रिंग घालतात. पाण्यात कालवलेल्या रंगांना ती पुरते. टॅटूच्या शाईत मात्र अल्कोहोल आणि कातडीवर पातळ थर धरणारं रेझिन असतं, शिवाय प्रत्येक रंगानंतर गन आपण आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच धुतो. रबर आधी फुगतं आणि नीडलला आवळतं. मागे ओढलेला ट्रिगर मग पुढे यायला वेळ लावतो. नंतर तेच रबर वाळून आक्रसतं, कडक होतं आणि शाई मागे झिरपू लागते. झिरपलेली शाई ट्रिगरखालच्या एअर व्हॉल्व्हवर उतरते, तिथे रेझिन सुकतं आणि व्हॉल्व्हची दांडी चिकटून बसते. हवा बंद होत नाही ती यामुळे. व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली असं समजून ती बदलली, तर पुढच्या काही वापरांत पुन्हा तेच.

तपासणं सोपं आहे. कप आधी नीट धुवा. मागचं हँडल काढा, नीडल पकडणारा नट सैल करा, नीडल सरळ मागे ओढा आणि पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. पुढच्या भागावर थोडी शाई असणारच. पण नीडलचा जो भाग ट्रिगरमधून जातो, तिथे रंगाचा पट्टा दिसला तर सील गळतंय.

इथे माझं मत बदललं. सुरुवातीच्या आठवड्यांत विचारलं असतं तर ही गन घेऊच नका असं सांगितलं असतं. टेफ्लॉनचं सील घातल्यापासून तीच गन स्वच्छ चालतेय, फवारा बारीक येतो, ट्रिगरही लगेच परत येतो. धातूचं काम वाईट नाही, कंजूषी त्या एका रिंगेत केलेली आहे.

बदलण्याची रीत: नीडल, ट्रिगर आणि मागची स्प्रिंगची जोडणी काढली की मागच्या भोकातून बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने आतला पोकळ स्क्रू सुटतो. जुनी रिंग काढताना आतल्या भिंतीवर ओरखडा पडू देऊ नका. नवं सील बसवून स्क्रू हलकाच लावा, नीडल आत सरकवा आणि मग थोडा थोडा आवळत जा. बोटांनी नीडल सरकवताना जेमतेम अडखळ जाणवली की थांबायचं. जास्त आवळला तर ट्रिगर परत येत नाही, कमी आवळला तर गळती सुरूच राहते. टेफ्लॉन रबरासारखं उसळून परत येत नाही, दाबाखाली हळूहळू बसत जातं. म्हणून अधूनमधून तो स्क्रू अगदी किंचित आवळावा लागतो.

दुसरी नाजूक जागा नॉझल. आट्यांचं नॉझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि सोबत मिळणारा पाना त्याच्या मानाने फार ताकदीचा. जोर लावला की आटे तुटून आतच अडकतात, आणि मग गनचा पुढचा भागच बदलावा लागतो. बोटांनी बसवा, पान्याने फक्त टेकेपर्यंत. कपात बुडबुडे येत असतील तर नॉझलच्या बैठकीतून हवा शाईच्या वाटेत शिरतेय. अशा वेळी आवळत सुटू नका. नॉझल काढून बैठक अल्कोहोलने पुसा, आट्यांना मधमाशीच्या मेणाचा पुसटसा हात द्या. तरीही बुडबुडे आले तर नॉझलच्या तोंडाला चीर गेलीय, ते बदलाच. ०.२ मिमीच्या मोहात सुरुवातीला पडू नका. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, ते तिथे हमखास तुंबतं.

कॉम्प्रेसरबद्दल माझं मत पहिल्यापासून एकच: टाकीचा घ्या. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनचा प्रत्येक ठोका हवेत उतरतो. स्टेन्सिलवर ते फारसं दिसत नाही, पण मोकळ्या हाताने बारीक छटा देताना रेषा थरथरते. मोटर सतत चालून तापते, गरम हवा पाइपात थंड होते, पाणी सुटतं आणि ऐन कामात कातडीवर पाण्याचा थेंब उडतो. तीन लिटरच्या टाकीने मोटरला विसावा मिळतो, हवा टाकीतच निवते आणि बरंचसं पाणी तळाशी राहतं. काम संपलं की खालचा स्क्रू सैल करून ते सोडून द्यायचं. मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी छोटी डबी, तरीही हवाच. गनलाच जोडायचा चार्जिंगचा छोटा कॉम्प्रेसर लहान स्टेन्सिलपुरता ठीक, त्यापुढे नाही.

प्रेशर ट्रिगर दाबून हवा वाहत असताना लावा. ट्रिगर न दाबता गेजवर दिसणारा आकडा फसवा असतो, दाबताच काटा काही पीएसआय (दाबाचं एकक) खाली येतो. स्टेन्सिलला चालू हवेत १५ ते २० पीएसआय पुरे. त्याहून जास्त ठेवलं की शाई कडेखाली घुसते आणि नक्षीला पिसं फुटतात. गन कातडीला काटकोनात, पाच-सात सेंटिमीटरवर. आधी नुसती हवा, मग ट्रिगर मागे; थांबताना आधी ट्रिगर पुढे, हवा शेवटी बंद. हा क्रम चुकला की नीडलच्या टोकाशी राहिलेला थेंब पुढच्या वेळी नक्षीवर उडतो. कातडी ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, दोन-तीन पातळ हात द्या, शेवटी पावडरचा ब्रश फिरवा. थर ओला चमकताना दिसला तर शाई जास्त झालीय. फवारा मध्येच तुटक आला तर नीडलच्या टोकावर शाई सुकलेली असते. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कॉटन बडने टोक पुसलं की काम भागतं.

स्टेन्सिलच्या गठ्ठ्याला भुलू नका. कागदी स्टेन्सिल अल्कोहोल पितात, कडा उचलल्या जातात. मायलरचे (पातळ प्लास्टिकचे) मोजके वेगळे घ्या, ते पुसून पुन्हा वापरता येतात. मात्र कोपर-घोट्यासारख्या उंचवट्यावर ते सपाट बसत नाहीत, तिथे चिकटणारेच हवेत. शाई कातडीसाठीच बनवलेली, घटक छापलेली. हॉबीचे ॲक्रिलिक किंवा गाडीचे रंग अंगावर अजिबात नकोत. काळी सगळ्यात आधी संपते, तेव्हा रंगांच्या लांबलचक संचाऐवजी काळीची मोठी बाटली परवडते. खोलीत हवा खेळती ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि डोळ्यांजवळ फवारायचं नाही.

नवा सेट घेणार असाल तर विक्रेत्याला लेखी विचारा: नीडलचं सील टेफ्लॉनचं आहे का, त्याच मापाचं नॉझल सुटं मिळतं का, पाइपचे आटे १/८ इंची आहेत का. "सगळ्या शाई चालतात" एवढंच उत्तर आलं तर सीलचा फोटो मागा. काळी रिंग दिसली तर ऑर्डर देतानाच टेफ्लॉनची दोन सीलं, एक सुटं नॉझल आणि एक नीडल जोडून घ्या.