कमानपाट्यातून पहिली सुरी: भंगारातलं पोलाद कितपत कामाचं?

घरी सुरी बनवायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: भंगारातून गाडीचा कमानपाटा (चाकांवरचा भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, तिची एक पट्टी) आण आणि लाग कामाला. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पाट्याचं पोलाद चांगलंच असतं. पण ज्याच्याकडे फक्त हॅकसॉ आणि कानस आहे, त्याच्यासाठी पाटा ही चुकीची खरेदी आहे.

जुन्या पाट्यांत बहुधा ईएन ४५ जातीचं पोलाद सापडतं. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के आणि थोडं मँगेनीज असतं. काही पाटे ५१६० सारख्या क्रोमियमवाल्या जातीचेही निघतात. दोन्ही जाती भयंकर चिवट. कोयता, कुऱ्हाड करणारे लोहार पाट्यालाच पसंती देतात ते यासाठीच. कांदा-कोथिंबीर चिरायच्या पातळ सुरीला मात्र धार टिकवणारा कठीणपणा जास्त लागतो, आणि तिथे जास्त कार्बनचं पोलाद पाट्याच्या पुढे जातं.

खरी अडचण जाडीची. जीप-पिकअपचा पाटा साधारण ६ ते ८ मिमी, ट्रकचा १० मिमीच्या वर. स्वयंपाकाच्या सुरीची पाठ २ ते २.५ मिमी पुरते. म्हणजे ७ मिमीच्या पाट्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश पोलाद कानशीने घासून काढायचं. त्यात पाटा बाकदार, म्हणजे आधी तापवून सरळ करणं आलंच. भट्टी, ऐरण आणि हातोडा असेल तर हेच काम आनंदाचं होतं, कारण ठोकून पातळ करता येतं. नसेल तर पाटा घेऊ नका.

त्यापेक्षा सी ७५ जातीच्या पोलादाची ३ मिमी जाड, ४० मिमी रुंद पट्टी घ्या. कार्बन ०.७० ते ०.८० टक्के, जात ठाऊक असलेली, सरळ आणि सपाट. दुकानात मागताना ‘अ‍ॅनील केलेली, मऊ’ (म्हणजे तापवून सावकाश थंड केलेली) असं स्पष्ट सांगा. हीच पट्टी कडक केलेलीही विकली जाते. ती चुकून हाती आली तर हॅकसॉचं पान काही मिनिटांत बोथट होतं आणि ड्रिल बिटही जळतो.

तरीही पाटाच घ्यायचा असेल तर कमानपाटे बसवणाऱ्या गॅरेजमधून नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मागा. वर्षानुवर्षं भार सोसलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी. जुनाच मिळाला तर तारेच्या ब्रशने घासून रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यातलं रॉकेल खडूत उतरून ओली रेघ उमटते. असा तुकडा सरळ परत करा. पाटा मुळात कडक असतो, म्हणून कापण्याआधी लालभडक तापवून कोरड्या राखेत रात्रभर गाडून ठेवावा लागतो. रंग आधी खरवडा. जळत्या रंगाचा धूर घरात नको.

सर्वाधिक पाती बिघडतात ती कडक करताना, म्हणजे तापवून तेलात थंड करताना. ‘चुंबक चिकटायचं थांबलं की तेलात बुडव’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. चुंबक सुटतं सुमारे ७७० अंश सेल्सियसला. सी ७५ ला त्याहून थोडीच जास्त, ८१० ते ८२० ची उष्णता हवी, म्हणून तिथे हा नियम जवळपास चालतो. ईएन ४५ ला सिलिकॉनमुळे ९०० च्या आसपास जावं लागतं. नियम पाळूनही पातं मऊ राहतं ते यामुळेच, आणि दोष उगाच तेलाला दिला जातो.

म्हणून आधी ५० मिमीचा तुकडा कापून चाचणी घ्या. तो तापवून तेलात थंड करा आणि कानस लावा. कानस घसरली तर तुकडा कडक झाला. ती रुतली तर आधी वरचा ०.३ मिमी थर घासून पुन्हा पाहा, कारण सिलिकॉनच्या पोलादाचा पृष्ठभाग भट्टीत कार्बन पटकन गमावतो. कडक तुकडा फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये तोडा, गॉगल लावूनच. आतला भाग बारीक, राखाडी, मखमली दिसला तर उष्णता योग्य होती. रवाळ आणि चमचमता दिसला तर जास्त तापलं. या एका तुकड्यासाठी आळस करू नका.

तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, निदान दोन लिटर, ५५ अंशांपर्यंत कोमट, उभ्या लोखंडी डब्यात. झाकण हाताशी हवं, आणि पातं पूर्ण बुडायला हवं. अर्धवट बाहेर राहिलं तर तेल पेटतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. पाण्यात तर पातळ पातं तडकण्याचीच शक्यता जास्त. मुठीची भोकं कडक करण्यापूर्वीच पाडा आणि धारेची कड निदान ०.८ मिमी जाड ठेवा, नाहीतर ती वाकडी होते.

कडक झालेलं पातं ठिसूळ असतं. म्हणून ते हातात धरवेल इतकं थंड झालं की लगेच ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विसंबू नका. आत वेगळा थर्मामीटर आणि वाळूचा ट्रे ठेवा. स्वच्छ घासलेल्या पात्यावर फिकट सोनेरी रंग यायला हवा. यापुढे घासताना पातं सारखं पाण्यात बुडवा. निळी झाक दिसली की तेवढा भाग मऊ पडला.

धार लावल्यावर पितळेच्या सळीवर कड हलकेच दाबून सरकवा. कड वाकून परत सरळ झाली तर उत्तम. तुकडे उडाले तर आणखी १५ अंश वाढवून ओटीजीत दोन तास. वाकलेलीच राहिली तर ओटीजीने काही होणार नाही. पातं पुन्हा भट्टीत घालून कडक करावं लागेल.