‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’ म्हणून विकलेला डबा

जुन्या स्पोर्ट्स कारचं इग्निशन (पेट्रोल पेटवणारी ठिणगीची यंत्रणा) ‘अपग्रेड’ करून देणाऱ्यांमध्ये चांगले कारागीर आहेत, तसे भामटेही आहेत. माझी गाडी 1966 ची एमजीबी, एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती एका भामट्याच्या हाती लागली. नाव लिहीत नाही, पण त्याची रीत सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही जुन्या गाडीवर चालते.

पॉइंट्स (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, नवीन कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे ठिणगी सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागाची, ओव्हरहॉलिंग, असं काम ठरलं होतं. गाडी परत आली ती अशी तरतरीत, की पहिल्याच चढावर पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. बॉनेटखाली फिन्स असलेला एक काळा डबा बसला होता, आत राळ ओतून बंद केलेला. डिस्ट्रिब्युटर कॅपवर स्टिकर होता: उघडल्यास वॉरंटी रद्द.

संशय यायला एक साधी गोष्ट पुरली. 1967 पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल तसंच जोडलं तर ते क्षणात जळतं, म्हणून काम घेणारा माणूस सर्वांत आधी गाडीची पोलॅरिटी विचारतो. याने ती विचारलीच नव्हती, आणि डबा मात्र मजेत चालत होता!

मग स्टिकर फाडून कॅप काढली. आत पॉइंट्स जागच्या जागी, त्यांच्यावरची ठिणगी शमवणारा कंडेन्सरही तसाच. जाब विचारला तर उत्तर तयार होतं: “हे ट्रान्झिस्टरवालं आहे साहेब, यात पॉइंट्स ठेवावेच लागतात.” हे उत्तर ऐकून बरेच जण गप्प बसतील, कारण ते अर्धं खरं आहे. तशी सिस्टीम खरोखर असते. पण तिच्यात पॉइंट्स ट्रान्झिस्टरला फक्त इशारा देतात, त्यांच्यातून अगदी थोडा करंट जातो आणि कंडेन्सरची गरज उरत नाही. मी इग्निशन चालू ठेवून, पॉइंट्स मिटलेले असताना त्यांच्या वायरीत अँपिअर मीटर लावला. चार अँपिअरच्या आसपास आकडा आला. म्हणजे तीन ओहमच्या कॉइलचा सगळा करंट पॉइंट्समधूनच जात होता. डबा काढून दोन वायरी थेट जोडल्या, इंजिन होतं तसंच चालू राहिलं. शेवटी डबा फोडला. एका बाजूने आलेली वायर दुसऱ्या बाजूने बाहेर, बाकी सगळी राळ.

मग ती तरतरी आली कुठून? टायमिंगमधून, म्हणजे ठिणगी किती लवकर पडते त्यातून. या इंजिनाचं स्टॅटिक (इंजिन बंद असतानाचं) टायमिंग टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या, आधी 10 अंश असतं, आणि स्ट्रोबने (टायमिंग तपासायच्या लुकलुकत्या दिव्याने) पाहिलं तर 600 आरपीएमला 14 अंश. माझ्या गाडीत आयडलिंगलाच 18 अंश दिसत होते. डिस्ट्रिब्युटर हाताने जरासा फिरवला की पिकअप लगेच सुधारल्यासारखा वाटतो. याला ना पैसा लागतो, ना वेळ, आणि गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हवरून हसत परततं. आठवड्याभरात चढावर नॉकिंग (इंजिनातली खटखट) ऐकू येऊ लागलं, तेव्हा त्याने दोष पेट्रोलला दिला.

खरा घाव पुढेच होता. व्हॅक्यूमची नळी काढून स्ट्रोबखाली रेस वाढवली, तर अ‍ॅडव्हान्स (ठिणगी टॉप डेड सेंटरच्या किती अंश आधी पडते ते) जिथे 30 अंशांवर थांबायला हवा तिथे 44 पर्यंत गेला, शिवाय टायमिंगची खूण एका जागी ठरेना. या गाडीच्या लुकास 25डी4 डिस्ट्रिब्युटरमध्ये, वेगाबरोबर अ‍ॅडव्हान्स वाढवणाऱ्या वजनांच्या वरच्या प्लेटवर एक आकडा ठोकलेला असतो. तो डिस्ट्रिब्युटरचा कमाल अ‍ॅडव्हान्स. क्रँकशाफ्टसाठी त्याची दुप्पट धरायची. माझ्या गाडीचा आकडा 10, म्हणजे 20 अंश. समोरच्या प्लेटवर होता 15. बॉडीवरचा नंबरही वेगळा, आणि शाफ्ट बुशमध्ये बोटाने हलत होता. माझा चांगला डिस्ट्रिब्युटर त्याने ठेवून घेतला होता आणि दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा झिजलेला, पॉलिश मारून, मला बसवला होता. अशा टायमिंगवर लांब पल्ला मारला असता तर पिस्टन गेले असते.

डब्याचे पैसे भांडून परत मिळाले. डिस्ट्रिब्युटर “भंगारात गेला” म्हणाला. मला ते खरं वाटत नाही. या वस्तूला मागणी आहे.

गाडी कामाला देणार असाल तर बॉडीवरचा नंबर, त्याच्याखालचा आठवडा-वर्षाचा कोड आणि प्लेटवरचा आकडा यांचे फोटो आधी काढा. काढलेले सगळे भाग परत मिळतील हे बिलावर लिहून घ्या. गाडी घेताना तुमच्यासमोर स्ट्रोब लावायला सांगा, आयडलिंगला आणि रेसवरही. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून चावी परत घ्या.

माझ्या हरवलेल्या डिस्ट्रिब्युटरचा नंबर 40897. हा नंबर बऱ्याच एमजीबींवर सापडेल, पण माझ्याच्या क्लॅम्पजवळ पंचने मारलेले तीन ठिपके आहेत. तसा कुणी विकायला आणला तर तो कुठून मिळाला एवढं त्याला नक्की विचारा.